डबीतून गेलेला बिल्ला

प्रश्न : साताऱ्याजवळच्या जिओकॅशिंगच्या (जीपीएसच्या आधारे लपवलेल्या डब्या शोधण्याच्या खेळातल्या) एका डबीत मी ठेवलेला ट्रॅव्हल बग (क्रमांक कोरलेला बिल्ला लावलेली, डबीडबीतून फिरणारी वस्तू) तेथे नाही, असे शोधक कळवतात; संकेतस्थळावर मात्र तो डबीतच दिसतो. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ज्या वस्तूचा ठावठिकाणा सर्वस्वी परक्याच्या प्रामाणिक नोंदीवर अवलंबून, ती चोरीस गेली असे मानण्याची घाई करू नये, कारण पुष्कळदा कोणी हौशी गृहस्थ ती सद्धेतूनेच उचलतो, नोंद घरी गेल्यावर करू म्हणतो आणि विसरतो, व दप्तरी ती वस्तू महिनोन्महिने त्याच डबीत हजर राहते. अलीकडे तेथे येऊन गेलेल्यांना नम्रपणे विचारावे. उत्तर न आल्यास मालक या नात्याने ती बेपत्ता नोंदवावी. एवढ्याने प्रकरण दाखलदप्तर होत नाही, क्रमांक कायम राहतो, आणि कित्येक वर्षांनंतरही ती ज्याला सापडेल तो त्याच क्रमांकाने तिचा प्रवास पुन्हा सुरू करू शकतो. बिल्ले जोडीने मिळतात, तेव्हा दुसरा धाडावा असे वाटेल. पण घरचा जोडबिल्ला उतावीळपणे धाडल्यास एकाच क्रमांकाच्या दोन वस्तू हिंडू लागून सगळा हिशेब बिघडतो. तूर्त चौकशी करा, जोडबिल्ला घरीच ठेवा.