सरपणाची एकचाकी गाडी : ती कशी पारखावी

देऊळगाव राजा तालुक्यात कापूस व तूर निघाल्यावर, म्हणजे साधारणतः पौषापासून होळीपर्यंत, शेताशेतांतून घराकडे सरपणाची वाहतूक चालू असते. पऱ्हाट्या, तुराट्या, धुऱ्यावरील बाभळीच्या छाटलेल्या फांद्या, क्वचित एखादे वठलेले निंबाचे खोड, असे हे जळण असते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली व खेड्यापाड्यांत गॅस पोहोचला. तथापि आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण व पाहुण्यांच्या पंगतीचा स्वयंपाक यांसाठी चूल पेटतेच. पूर्वी हे सरपण बैलगाडीतून येई. आता पुष्कळ घरांतून बैलजोडी गेली, तिच्याबरोबर गाडीही गेली, आणि चार मोळ्यांसाठी ट्रॅक्टर कोणी जोडीत नाही. परिणामी जे ओझे बैलांच्या खांद्यावर होते ते घरातील स्त्रियांच्या डोक्यावर आले. यांत्रिकीकरणाच्या हिशेबात ही बाब सहसा धरली जात नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोवर आणावी असे सांगितले आहे. स्त्रियांसाठी ही मर्यादा पुष्कळच कमी असावी आणि शक्यतो त्यांच्याकडे नेहमीचे ओझे वाहण्याचे काम देऊच नये, असेही त्यात नमूद आहे. आपल्याकडे वीस-पंचवीस किलोची ओली मोळी चुंबळीवर घेऊन ओढा ओलांडणाऱ्या बाईस ही शिफारस कोणी वाचून दाखविलेली नाही. तिच्या मानेचे दुखणे कमी करणारे सर्वांत साधे साधन म्हणजे एकचाकी हातगाडी होय. परंतु गाडी चुकीची निवडली तर ती महिन्याभरात गोठ्याच्या कोपऱ्यात पडते आणि मोळी पुन्हा डोक्यावर चढते.

हे प्रस्तुत लेखक स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहे. या तालुक्यात बदली होऊन आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याने शेजारच्या एका शहरातील दुकानातून निळ्या रंगाची, खोल टोपल्याची एक सुबक गाडी विकत आणली व एका गावातील सभेत तिची फार वाखाणणी केली. त्याच्या शब्दावर तीन कुटुंबांनी तशाच गाड्या घेतल्या. होळीच्या आत चारही गाड्यांच्या आसाच्या पट्ट्या फाटल्या. त्या गावातील एक वृद्ध सुतार, ज्यांनी उमेदीच्या काळात बैलगाड्यांची चाके घडविली होती, ते मोडकी गाडी उलटी करून म्हणाले, “सायेब, तुमी टोपलं पाह्यलं, आस नाई पाह्यला.” पुढील खरिपात त्याच गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घेतले तेव्हा निम्मी मंडळी फिरकली नाहीत. ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. आपण सांगितलेली वस्तू मोडली म्हणजे आपण सांगितलेले बियाणेही संशयास पात्र ठरते.

भार कोठे बसतो

एकचाकी गाडी ही वस्तुतः एक तरफ आहे. चाकाचा आस हा तिचा टेकू, मध्ये भार व टोकास आपले हात. समजा, आसापासून मुठीपर्यंतचे अंतर १५० सेंटिमीटर आहे आणि ६० किलो लाकडाचा मध्य आसापासून ५० सेंटिमीटरवर आहे. मग हातांवर येणारा भार ६० गुणिले ५० भागिले १५०, म्हणजे २० किलो होतो. तेच लाकूड मागे सरकून त्याचा मध्य ७५ सेंटिमीटरवर गेला तर हातांवर ३० किलो येतात. पुढे २५ सेंटिमीटरवर आणला तर अवघे १० किलो. लाकूड तेवढेच, गाडी तीच. फरक केवळ ते ठेवण्याच्या जागेचा. (गाडीच्या स्वतःच्या वजनाचा थोडा भाग यात मिळवावा.) चीनमध्ये फार प्राचीन काळापासून मोठे चाक गाडीच्या मध्यभागी बसवून त्याच्या दोन्ही अंगांस माल लादण्याची पद्धत होती. तीत बहुतेक सर्व भार चाकच वाहते. युरोपात चाक पुढे ठेवण्याची रीत रूढ झाली व बांधकामावर आपण पाहतो ती गाडी त्याच वळणाची आहे. ती वाळू व सिमेंटकाल्यासाठी सोयीची, कारण पुढे उलटवून माल ओतता येतो. सरपण ओतावयाचे नसते. म्हणून आपणांस जी गाडी हवी तिच्यात भार चाकाच्या जितका वर व जवळ बसेल तितका बरा.

दुकानात जाताना मोजपट्टी न्यावी. आसापासून मुठीपर्यंतचे अंतर १४० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेली आखूड गाडी जागा कमी अडविते खरी, पण तिची किंमत कंबर मोजते.

चाक व आस

बैलगाडीचे चाक जाणणाऱ्यास नवे काही शिकावयाचे नाही. धाव, आरे, तुंबा, आस व वंगण हीच पाच नावे येथेही उपयोगी पडतात. लहान चाक ढेकळात व दगडात अडते, मोठे त्यावरून चढून जाते. आपल्या काळ्या रानात व पांदण रस्त्यावर ४० सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचे, रुंद धावेचे चाक असावे. अरुंद टणक चाक ओल्या काळ्या मातीत रुतते व कोरड्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याचा हिसका मनगटास देते.

हवेचे चाक याबाबतीत उत्तम. पण सरपण म्हणजे बाभूळ, आणि बाभूळ म्हणजे काटा. नव्या गाडीसोबत येणारे पातळ टायर पहिल्याच खेपेस पंक्चर झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. यावर उपाय आपल्या बसथांब्यावरच उभा आहे. प्रवासी रिक्षांस पुष्कळदा ४.००–८ मापाचे टायर असते. त्याचा बाहेरील व्यास सुमारे ४० सेंटिमीटर भरतो, पडदा जाड असतो, आणि ट्यूब व दुरुस्ती तालुक्याच्या कोणत्याही पंक्चरच्या दुकानात मिळते. रिक्षास निरुपयोगी झालेले, परंतु तारा न दिसणारे जुने टायर हातगाडीस अनेक वर्षे पुरते. टायर व ट्यूब यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून घातली की काट्याचा त्रास आणखी कमी होतो. हवा मात्र टायरवर छापलेल्या मर्यादेपलीकडे भरू नये. भरीव रबराचे चाक काट्यास भीत नाही. ज्यांची वाट पक्की व सपाट आहे त्यांनी ते खुशाल घ्यावे.

आता आस. गाडी उलटी करून प्रथम येथेच पाहावे. स्वस्त गाडीत आस पत्र्याच्या वाकविलेल्या पट्टीत अडकविलेला असतो. भार पडला की छिद्र लांबोळे होते, चाक तिरपे धावू लागते व अखेर पट्टी फाटते. आमच्या निळ्या गाड्यांचे नेमके हेच झाले. आसास आधार देणारी पट्टी निदान ५ मिलिमीटर जाडीची, सांगाड्यास सर्व बाजूंनी जोडलेली असावी. तुंब्याच्या दोन्ही टोकांस बेअरिंग असावे. ६२०४ क्रमांकाचे बंदिस्त बेअरिंग, ज्यात २० मिलिमीटरचा आस बसतो, पाण्याच्या पंपांच्या दुकानांतही मिळते. नुसती नळी आसावर फिरत असेल तर तीत वंगण भरण्याची सोय आहे काय हे विचारावे. नसल्यास ती गाडी तेथेच ठेवावी.

सांगाडा

मुठीपासून चाकापर्यंत नळी सलग, एकाच तुकड्याची हवी. मध्ये जोड असलेली नळी त्या जोडापाशीच मोडते. नळीची जाडी ओळखण्याची सोपी युक्ती अशी : मुठीवरचे रबर काढावे म्हणजे नळीचे उघडे तोंड दिसते. तिची भिंत २ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर रंग कितीही चकचकीत असो, तिच्यावर बाभळीचे खोड लादू नये. दुकानदाराने रबर काढण्यास नकार दिला तर तेही एक उत्तरच समजावे.

पाय एकमेकांपासून दूर व आडव्या पट्टीने बांधलेले असावेत. पाय जवळजवळ असले की थांबवलेली गाडी धुऱ्याच्या उतारावर आडवी होते.

टोपल्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे, कारण सरपणासाठी ते बहुधा नकोच असते. पत्र्याचे घ्यावयाचे झाल्यास १६ गेजचे, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचे व काठ वळविलेले घ्यावे. प्लास्टिकचे टोपले आपल्याकडील उन्हात काही उन्हाळ्यांनी तडकते. खोल टोपल्यात दीड मीटरची पऱ्हाटी मावत नाही व खोड आडवे बसत नाही. त्याऐवजी बैलगाडीच्या साट्याप्रमाणे लोखंडी पट्ट्यांचा सपाट तळ, दोन्ही बाजूंस काढत्या-घालत्या खुंट्या व पुढे ठेंगणी अडसर अशी रचना करावी. मग पऱ्हाट्यांचे बुडखे चाकाच्याही पुढे काढून लादता येतात व भार आपोआप पुढे सरकतो. अशी तयार गाडी दुकानात क्वचितच मिळते. परंतु जालना जवळच असल्यामुळे लोखंडाची वानवा नाही, आणि तालुक्यातील वेल्डिंगचे कारागीर ती एका दिवसात बनवू शकतात. प्रस्तुत लेखकाचे मत या गाडीकडेच झुकते. तिला रंगाची शोभा नसते, पण तिचा प्रत्येक भाग गावात बदलता येतो.

दुचाकी हातगाडी घ्यावी काय, असे पुष्कळजण विचारतात. घरासमोरील अंगण ते रस्ता एवढीच वाट असेल व ओढणारी व्यक्ती वयस्क असेल तर अवश्य घ्यावी. तोल सांभाळावा लागत नाही. शेतातील पाऊलवाट मात्र एका चाकापुरतीच असते.

चाचणी व वापर

गाडी विकत घेण्यापूर्वी तीत ५० किलोचे सिमेंटचे पोते ठेवावे आणि जी व्यक्ती रोज सरपण आणणार तिनेच ती वीस पावले चालवावी, वळवावी, एका विटेवरून न्यावी. घरधन्याने स्वतः चालवून पाहून “ठीक आहे” म्हणणे उपयोगाचे नाही, कारण मुठीची उंची त्याच्या उंचीस जुळलेली असते. गाडी उचलल्यावर हात सरळ राहिले पाहिजेत; कोपर वाकवून धरावी लागत असेल तर कारागिराकडून पाय व मुठी कमी करून घ्याव्यात.

जाड बुडखे चाकाकडे, हलक्या काटक्या वर व मागे, आणि सर्वांवरून एक दोर, अशी लादणी करावी. दगड किंवा उंच धुरा आडवा आला तर गाडी ढकलू नये. फिरवून मागे ओढीत न्यावी, म्हणजे चाक अडथळ्यावर सहज चढते. पहिल्या आठवड्यानंतर सर्व नटबोल्ट पुन्हा आवळावेत. पावसाळ्यात गाडी उभी करून ठेवावी, तळात पाणी साचू देऊ नये, आणि गोठ्यातील गोमूत्र वाहते त्या जागी तर मुळीच ठेवू नये. वेल्डिंगच्या सांध्यांस वर्षातून एकदा रेड ऑक्साईड लावावा.

गाडी आली म्हणजे सरपण अधिक येते व त्याची रास घरालगत लागते. येथे एक सावधगिरी हवी. पऱ्हाट्यांवर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व पुढील हंगामात तिचे पतंग शेतात येतात. २०१७ साली या किडीने राज्यातील कापसाचे केलेले नुकसान शेतकरी बंधू विसरले नसतील. म्हणून पऱ्हाट्या गाडीवर चढविण्यापूर्वी त्यांवरील किडकी बोंडे वेचून नष्ट करावीत, आणि घरी आल्यावर त्या प्रथम जाळण्यास घ्याव्यात. बाभळीचे लाकूड पावसाळ्यासाठी राखून ठेवावे.