अक्षरांचे गाव : माइंत्स

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आजी येत असत. वय सत्तरीच्या पुढे. अक्षरे गिरवून झाली, जोडाक्षरे झाली. एके दिवशी त्यांनी वाचनाचे पुस्तक चाळले आणि म्हणाल्या, "गुरुजी, माझा 'अ' दर वेळी निराळा येतो. यातला 'अ' पानोपानी एकसारखा. हा काढतं कोण हो?"

मी म्हटले, "आजी, हा हाताने काढलेला नाही. छापलेला आहे."

"मग छापायची ही युक्ती कुठनं आली?"

प्रश्न साधा, पण उत्तर दूरदेशचे. जर्मनीत माइंत्स नावाचे एक जुने शहर आहे. २०१९ साली मी मुलीकडे जर्मनीला गेलो होतो, तेव्हा ते पायी फिरून पाहिले. आजींना जे सांगितले तेच आज तुम्हांला सांगतो. चला मंडळी, वाचता वाचता एक गाव पाहून येऊ.

गावाची ओळख

जर्मनी हा युरोप खंडातला देश. तिथे फ्रँकफर्ट हे मोठे शहर आहे. आपल्याकडची पुष्कळ विमाने तिथे उतरतात. विमानतळावरच लोकलगाडी मिळते आणि सुमारे अर्ध्या तासात माइंत्स येते.

गाव ऱ्हाइन नदीच्या काठी वसले आहे. समोरच्या बाजूने माइन नावाची दुसरी नदी येऊन तिला मिळते. म्हणजे हे संगमावरचे गाव. ऱ्हाइन इतकी मोठी की तिच्यातून मालाने भरलेली जहाजे चालतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी इथे लष्कराची छावणी घातली, तिचेच पुढे शहर झाले. आज वस्ती दोन लाखांच्या वर आहे.

स्टेशनाबाहेर पडलो आणि एक गंमत पाहिली. रस्त्यांच्या नावाच्या पाट्या दोन रंगांच्या. तांबडी पाटी असली की तो रस्ता नदीच्या दिशेने जाणारा. निळी पाटी असली की तो नदीच्या कडेकडेने जाणारा. मला जर्मन भाषा येत नाही. तरी पाटीचा रंग पाहून मी न चुकता रस्ता काढला. पाटी नीट लावली तर परक्या माणसालाही वाट सापडते, ही गोष्ट आपल्या गावानेही ध्यानात घेण्यासारखी आहे.

बाजार आणि तांबडे देवालय

गावाच्या मध्यभागी मोठा चौक आहे. मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवारी तिथे बाजार भरतो. शेतकरी भाजी, फळे, फुले घेऊन बसतात. भाव विचारणे, निवडून घेणे, पिशव्या भरणे, सगळे आपल्या आठवडेबाजारासारखेच. ओरडा मात्र कमी.

बाजाराला लागूनच तांबड्या दगडाचे एक प्रचंड देवालय आहे. ते ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामंदिर. त्याला सहा बुरुज आहेत. विलिगिस नावाच्या आर्चबिशपने, म्हणजे मोठ्या धर्मगुरूने, हजार वर्षांपूर्वी त्याचे काम सुरू केले. १००९ साली इमारत तयार झाली आणि उद्घाटनाच्या सुमारासच आग लागून जळाली! लोकांनी हाय खाल्ली नाही. पुन्हा बांधायला घेतली.

या विलिगिसची एक दंतकथा तिथे सांगतात. तो म्हणे गाडीची चाके करणाऱ्या सुताराचा मुलगा. मोठ्या घराण्यातले लोक त्याला हिणवीत आणि त्याच्या भिंतीवर चाके काढून ठेवीत. तो रागावला नाही. त्याने चाक हीच आपली निशाणी केली. कथा खरी असो वा नसो, माइंत्स शहराच्या निशाणीवर आजही दोन चाके आहेत.

दारावर कोरलेला हक्क

बाजाराच्या बाजूला देवालयाची दोन भव्य दारे आहेत. ती काशाची आहेत, विलिगिसच्याच काळातली. मी जवळ गेलो तेव्हा दिसले की दारांवर बारीक अक्षरे कोरलेली आहेत. ओळींवर ओळी. ही काय भानगड आहे?

हकीकत अशी. बाराव्या शतकात आडालबर्ट नावाचा आर्चबिशप होता. त्याचे आणि सम्राटाचे बिनसले. सम्राटाने त्याला कैदेत टाकले. तेव्हा माइंत्सच्या नागरिकांनी उठाव करून सम्राटाला त्याला सोडायला लावले. या उपकाराबद्दल आडालबर्टने नागरिकांना हक्क दिले. गावात राहणाऱ्या माणसाला बाहेरच्या न्यायासनापुढे ओढून नेता येणार नाही. बाहेरच्या कोणाला त्याच्याकडून कर वसूल करता येणार नाही. कागद जळतो, हरवतो. म्हणून ११३५ साली हे हक्क भर बाजारात, देवालयाच्या काशाच्या दारावर कोरले.

किती चांगली गोष्ट! पण मंडळी, त्यात एक मेख होती. मजकूर लॅटिन भाषेत होता. ती पंडितांची भाषा. बाजाराला येणारा कुंभार, कोष्टी, शेतकरी त्या दारापुढून रोज जात असे. त्याचा हक्क त्याच्या डोळ्यांपुढे होता, पण त्याला तो वाचता येत नव्हता. त्याला दुसऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवावा लागे.

खिळ्यांचा कारागीर

याच गावात सन १४०० च्या सुमारास योहान गुटेनबर्ग जन्मला. तो धातूच्या कामात वाकबगार होता. त्या काळी पुस्तके हाताने लिहीत. एक मोठा ग्रंथ उतरवून काढायला लेखनिकाला वर्षाहून अधिक काळ लागे. म्हणून ग्रंथ फार महाग. सामान्य माणसाच्या घरी पुस्तक कुठून येणार?

अक्षरे छापण्याची कल्पना जगात आधीही होती. चीनमध्ये मातीची सुटी अक्षरे करीत. कोरियात धातूच्या अक्षरांनी १३७७ साली छापलेले पुस्तक आजही शिल्लक आहे. पण गुटेनबर्गने आपल्या हिकमतीने सगळी कृती एकत्र बसवली आणि काम झपाट्याने होऊ लागले.

देवालयासमोर त्याच्या नावाचे संग्रहालय होते. ते १९०० साली स्थापन झाले. मी गेलो तेव्हा तिथे जुन्या पद्धतीने छापून दाखवीत. कृती अशी :

१. कठीण धातूच्या कांडीच्या टोकावर एक अक्षर उलटे कोरायचे. हा झाला ठसा.

२. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षराचा खळगा पडतो. हा झाला साचा.

३. साच्यात शिसे, कथील वगैरेंचा वितळलेला रस ओतायचा. तो लगेच थिजतो आणि अक्षराचा खिळा तयार होतो. एका साच्यातून हवे तितके खिळे निघतात, सगळे एकसारखे.

४. खिळे ओळीने जुळवायचे, त्यांना शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि मळसूत्री यंत्राने दाबायचा. तशा यंत्राने त्या मुलखात द्राक्षांचा रस काढीत.

छापून झाले की खिळे सोडवायचे आणि दुसऱ्या पानासाठी पुन्हा जुळवायचे. आजींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. एका साच्यातला 'अ' म्हणून तो सगळीकडे सारखा. आता जुळणी संगणकावर होते, पण मूळ विचार तोच. अक्षर एकदा घडवायचे आणि पुन्हा पुन्हा वापरायचे.

गुटेनबर्गने बायबल हा ख्रिस्ती धर्मग्रंथ छापला. १४५५ च्या सुमारास तो पुरा झाला. १,२८२ पाने, आणि प्रती सुमारे १८०. त्यांपैकी पूर्ण वा अपुऱ्या मिळून ४९ प्रती आज जगात उरल्या आहेत. संग्रहालयातली प्रत मी काचेआडून पाहिली. साडेपाचशे वर्षे झाली, तरी शाई अजून काळीभोर. पुढे नव्या इमारतीच्या कामासाठी संग्रहालय जुन्या जागेतून हलवण्यात आले. जाणाऱ्याने आधी चौकशी करून जावे.

कर्जाचा कागद

आता या गोष्टीतला दुःखाचा भाग ऐका. छापखान्याला भांडवल लागते. गुटेनबर्गने योहान फुस्ट नावाच्या सावकाराकडून पैसे घेतले. पहिल्यांदा आठशे गुल्डेन, मग पुन्हा आठशे. गुल्डेन म्हणजे सोन्याचे नाणे. बायबल पुरे होत आले आणि फुस्टने फिर्याद केली. व्याजासकट दोन हजारांच्या वर रक्कम मागितली.

गुटेनबर्ग म्हणाला, "व्याज घेणार नाही असे तू मला तोंडी सांगितले होतेस." पण तोंडी बोलण्याला पुरावा काय? निकाल बहुतांशी फुस्टच्या बाजूने गेला. छापखान्याची सामग्री त्याच्या हाती गेली. ज्याने लाखो अक्षरे जुळवली, त्याने आपला एक शब्द तेवढा लिहून घेतला नव्हता. या खटल्याचा ६ नोव्हेंबर १४५५ चा कागद आजही जर्मनीत गटिंगन येथील ग्रंथालयात आहे.

हे ऐकून आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमचे मालक गेले, तेव्हा मी एका कागदावर अंगठा दिला. दीर-भाऊबंद म्हणाले, नुसता वारसाचा कागद आहे. पुढं कळलं, विहिरीतला माझा पाण्याचा वाटा त्यात सोडून दिला होता. तुमच्या त्या कारागिराला तर वाचता येत होतं. तरी बुडालाच की."

मी म्हटले, "होय आजी. नुसते वाचता येऊन भागत नाही. कागद वाचून घ्यावा आणि बोलणे लिहून घ्यावे. दोन्ही हवे."

गुटेनबर्गचे पुढे काय झाले? १४६२ साली गावावर हल्ला झाला, तेव्हा त्याला गाव सोडावे लागले. १४६५ साली आर्चबिशपने त्याला दरसाल धान्य, द्राक्षाची दारू आणि कपडे बांधून दिले. १४६८ साली तो वारला. ज्या देवालयात पुरले तेही आता नाही. त्याने छापलेल्या एकाही पुस्तकावर त्याचे नाव नाही. त्याचे खरे चित्रही नाही. गावाच्या चौकात १८३७ साली त्याचा पुतळा उभारला. थोरवाल्डसेन या डेन्मार्कच्या शिल्पकाराने तो घडवला. चेहरा अर्थातच कल्पनेचा.

निळ्या काचांचे देवालय

छपाईचे वारे हां हां म्हणता युरोपभर पसरले. सन १५०० पर्यंत दोनशेहून अधिक गावांत छापखाने निघाले. पण सुरी भाजी कापते तशी बोटही कापते. छापील अक्षर ज्ञान पसरवते तसे विषही पसरवते. हिटलरच्या राजवटीत याच जर्मनीत ज्यू लोकांविरुद्ध द्वेषाची वर्तमानपत्रे छापली गेली. १९३३ साली अनेक शहरांत पुस्तकांच्या होळ्या पेटवल्या. पुढे महायुद्ध झाले आणि लाखो निरपराध ज्यू मारले गेले. २७ फेब्रुवारी १९४५ रोजी माइंत्सवर बाँब पडले. गावाच्या मध्यवस्तीचा फार मोठा भाग त्या युद्धात जमीनदोस्त झाला.

टेकडीवरचे सेंट स्टीफनचे देवालयही तेव्हा मोडले. ते पुन्हा उभारले, आणि त्याच्या खिडक्यांसाठी तिथल्या धर्मगुरूने मार्क शागाल या चित्रकाराला साकडे घातले. शागाल स्वतः ज्यू. युद्धात त्याला जीव वाचवून अमेरिकेला जावे लागले होते. तरी त्याने होय म्हटले. पहिली खिडकी बसली १९७८ साली. तेव्हा तो नव्वदी ओलांडलेला म्हातारा होता. १९८५ साली वारला तोपर्यंत त्याने नऊ खिडक्या केल्या. आत पाऊल टाकले की सगळीकडे निळा उजेड. पहाट फुटण्याआधी आभाळ असते तसा. मी तिथे अर्धा तास नुसता बसून राहिलो.

आपल्या दारात

ही छपाई आपल्याकडे कधी आली? पोर्तुगीज लोकांनी १५५६ साली गोव्यात छापखाना आणला. तिथेच १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. भाषा मराठी, पण अक्षरे रोमन. आपल्या वळणाची अक्षरे यायला आणखी काळ जावा लागला. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले. आज भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका ही त्या पंचांगाचीच नात.

सांजवेळी मी ऱ्हाइनच्या काठी जाऊन बसलो. जहाजांचे दिवे पाण्यात हलत होते. मनात आले, या गावच्या दारावरचा हक्क वाचायला गावकऱ्यांना किती पिढ्या लागल्या असतील!

आजींना मी त्या दाराचा फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या. तोच, अंगठ्याचा. म्हणाल्या, "गेलेलं परत येईल न येईल. पण काय लिहिलंय ते माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. तुम्ही सांगू नका, अडलं तरच सांगा."

त्या दिवशी वर्गात दुसरा धडा झाला नाही. आजी बोट ठेवून वाचत होत्या आणि आम्ही सगळे ऐकत होतो.

प्रश्न

१. माइंत्समध्ये तांबडी पाटी कोणत्या रस्त्याला असते? निळी कोणत्या?

२. नागरिकांचे हक्क दारावर कोरूनही सामान्य माणसाची अडचण का राहिली?

३. खिळा कसा तयार करतात ते आपल्या शब्दांत सांगा.

४. गुटेनबर्गने फुस्टकडून काय लिहून घ्यायला हवे होते?

५. तुमच्या घरातला सातबाराचा उतारा किंवा सोसायटीचा कागद काढा. तो स्वतः वाचा. अडलेला शब्द वहीत लिहून वर्गात आणा.