अण्णांची पेनं आणि तुझी सॅक

सातारा,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. सोनूस,


फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणत राहतेस आणि माझा राग निम्म्यातच उतरतो. आज उतरायला नको आहे, म्हणून लिहितेय.

काल तुझ्या धाकट्या काकूचा फोन होता. तिच्या भावाच्या मुलाने तुला अप्पा बळवंत चौकात एका दुकानात पाहिलं म्हणे. काउंटरवर अण्णांची तिन्ही पेनं मांडलेली आणि तू दुकानदाराला काहीतरी विचारतेस. काकूचं म्हणणं, तू किंमत विचारत होतीस. काकूला आपण सगळे ओळखतो, तिच्या हातात वाटीभर बातमी आली की पुढच्या घरी पातेलंभर पोचते. म्हणून मी लगेच वहिनीला फोन लावला. वहिनी म्हणाली, "नाही हो वन्सं, ती पेनं ठेवायला केस बघायला गेली होती. मापासाठी पेनं बरोबर नेली होती." जीव भांड्यात पडला. तासाभराने डोक्यात आलं, मग केस घेतली का? ते वहिनीला माहीत नव्हतं.

तेव्हा आधी एवढं सांग. केस घेतलीस का, आणि पेनं तिन्ही आहेत ना?

तू केस बघायलाच गेली होतीस असं धरून पुढचं लिहिते.

मुळात तिन्ही पेनं रोज बरोबर कशाला हवीत? राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, नऊ पेपर हाताने लिहायचे, बोटांना सवय हवी, हे तू मला गणपतीत पटवलंस. पटलं म्हणूनच दादाला न विचारता मी कपाट उघडलं. पण सराव एका पेनाने होतो. पार्कर ५१ वापर. त्याचं निब पुढच्या भागात जवळजवळ सगळं झाकलेलं असतं, त्यामुळे विचार करायला दोन मिनिटं थांबलीस तरी शाई सुकत नाही. टोपणाला आटे नाहीत, नुसतं दाबून बसतं. अण्णांनी त्याच पेनाने शाळेची हजेरीपुस्तकं भरली, ते रोजच्या राबत्याचं पेन आहे. (परीक्षेच्या दिवशी कोणतं पेन, कोणती शाई चालते ते आयोगाच्या सूचनांत स्वतः वाच. मैत्रिणीने सांगितलं म्हणून धरून बसू नकोस.) कॅम्लिनचं पेन खोलीवर ठेव. आणि रत्नम तर खोलीबाहेर काढूच नकोस.

रत्नमचं तुला नीट माहीत नाही म्हणून सांगते. ते राजमहेंद्रीचं. स्वदेशीच्या काळात के. व्ही. रत्नम यांनी तिथे पेनं घडवायला सुरुवात केली, आणि त्यांचं पेन हाती आल्यावर गांधीजींनी १९३५ साली त्यांना पसंतीचं पत्र लिहिलं. आपल्या घरातलं पेन अण्णांकडे कसं आलं याच्या तीन हकिकती तू ऐकल्या आहेस, त्यातली कोणती खरी ते आता कोण सांगणार. पेन एबोनाइटचं आहे, म्हणजे रबरात गंधक घालून तापवून घट्ट केलेलं. उन्हात राहिलं की त्याचा काळा रंग जातो आणि ते शेवाळलेल्या तपकिरी रंगाचं दिसायला लागतं. गेलेली तकाकी नुसतं पुसून परत येत नाही. त्यात शाईची वेगळी नळी नाही, ड्रॉपरने थेट पोटातच शाई भरायची. शाई निम्म्यावर आली की वर हवा साठते, ऊब लागली की ती हवा फुगते आणि शाईला निबाकडे ढकलते. मग टोपण काढल्यावर बोटं निळी होतात आणि आपण पेनाला शिव्या देतो.

आणि हे पेन तू स्कूटीच्या डिकीत टाकून फिरतेस! ऑक्टोबरच्या उन्हात! सीटच्या खाली इंजिन तापलेलं, वरून सूर्य, आणि शास्त्री रस्त्यावरचे खड्डे. हे काकूने सांगितलेलं नाही. तूच हसत हसत सांगितलंस आणि मी तेव्हा गप्प बसले, तेही चुकलंच माझं.

आता केसबद्दल. दुकानात तुला चेनची काळी केस दाखवली असणार, दोन्ही बाजूंना इलॅस्टिकचे पट्टे असलेली. ती वाईट नसते, पण चार ठिकाणी बघून घ्यायची. चेन उघडून आतून बोट फिरव. दाते नुसते उघडे असतील तर पेन काढताना दर वेळी घासणार. आतून कापडाची पट्टी शिवलेली हवी. मग केस मिटव, टेबलावर ठेव आणि वरून तळहाताने जोर दे. झाकण दबून आतल्या पेनाला लागलं तर ती केस कितीही देखणी असो, तुझ्या कामाची नाही. तुझ्या सॅकमध्ये लक्ष्मीकांतच्या पुस्तकाचा ठोकळा असतो, लॅपटॉप असतो, चार्जरची वीट असते. अभ्यासिकेत कुणी त्या सॅकवर टेकून झोपणार, हे धरूनच केस घ्यायची. मग दोन्ही बाजूंची पेनं समोरासमोर येतात का बघ. मध्ये कापडाचा पडदा नसेल तर एकाची क्लिप दुसऱ्याच्या अंगावर ओरखडे काढते. आणि पट्टे: पार्करला जो बसेल तो रत्नमला घट्ट होईल, कारण रत्नम अंगाने जाड आहे. पेन दुकानात न्यायची गरजच नव्हती, सोनू. कागदाची पट्टी पेनाभोवती गुंडाळायची, जिथे मिळते तिथे खूण करायची, लांबीची दुसरी पट्टी कापायची, आणि त्या दोन पट्ट्या पाकिटात घालून जायचं. अण्णा टोपीचं माप तसंच न्यायचे.

म्हणून विचारते. खरंच मापासाठीच नेली होतीस ना?

बरं. रेक्झिन घेऊ नकोस. नवं असताना चामड्यासारखं दिसतं, दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात, आणि त्यातल्या मऊपणाच्या रसायनाने काही पेनांचं प्लास्टिक चिकट होतं. खरं चामडं चांगलं, पण पुण्याच्या पावसात खोलीला एकच खिडकी आणि दोरीवर ओले कपडे असले की त्याला पांढरी बुरशी धरते. घेतलंस तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून वाऱ्यावर ठेव. आत मखमल नको, तिचे तंतू निबाच्या फटीत अडकतात आणि अक्षराला मिशा फुटतात. पेनांना रबरबँड लावून ठेवू नकोस, रबरातल्या गंधकाने धातू काळा पडतो. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर पेनं तिथे नकोत. कापडी गुंडाळी, खाचा शिवलेली, घरात ठेवायला उत्तम, पण सॅकमध्ये तिचा उपयोग नाही.

माझं विचारशील तर यातलं काहीच नको. चष्म्याचं पत्र्याचं घर घे, जुनं, टचकन मिटणारं. पार्कर त्यात आरामात मावतं. सुती पातळाचा मऊ तुकडा घडी करून आत घाल म्हणजे पेन खुळखुळत नाही. सॅकच्या आतल्या उभ्या कप्प्यात ते घर उभं ठेव, निबाची बाजू वर. पोचल्यावर लगेच टोपण ओढू नकोस, जरा वेळ पेन तसंच उभं राहू दे. विमानाने जाणाऱ्यांनाही हेच सांगतात, तिथे वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो म्हणून. तू सध्या कुठे विमानाने निघालीस, पण निघशील.

तू केळकर संग्रहालयात गेलीस का अजून? बाजीराव रस्त्यावरून रोज जातेस आणि आत गेली नसशील, पुण्यात राहणाऱ्यांचं तसंच असतं. आम्हाला अण्णा घेऊन गेले होते. दिवे आणि अडकित्ते सगळेच बघतात. अण्णांनी आम्हाला दौतींपुढे उभं केलं आणि पेशवाईतले कारकून दौत आणि बोरू एकाच कलमदानात घालून कमरेला खोचून कसे हिंडायचे ते चालून दाखवलं, तिथेच, लोकांसमोर. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दिनकर केळकरांनी तो सगळा संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभा केला, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मी पेनांबद्दल इतकं लिहितेय आणि मनात दुसरंच चाललंय. तेही लिहून टाकते.

मी एस. पी. कॉलेजला होते तेव्हा नारायण पेठेत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. महिनाअखेर आली की रात्रीचं जेवण बंद, चहा-पावावर भागवायचं. अण्णांना दर आठवड्याला कार्ड लिहायचे, त्यात जेवण उत्तम असायचं. बी. ए. झाल्यावर एम. ए.ला नाव घालायची फार इच्छा होती. पण दादाचं, म्हणजे तुझ्या बाबाचं, शिक्षण चाललेलं, फी मागायला जीभ रेटेना. घरी सांगितलं, मला आता शिकायचा कंटाळा आलाय, नोकरी करते. पोस्टाची परीक्षा दिली, लागले. अण्णा काही बोलले नाहीत. कितीतरी वर्षांनी आई तांदूळ निवडता निवडता सहज बोलून गेली, की तुझ्या एम. ए.चे पैसे त्यांनी बाजूला काढले होते, तू नको म्हणालीस म्हणून त्यातून माडीचे पत्रे बदलले. ते पत्रे अजून आहेत. तू झोपतेस त्याच खोलीवर. पाऊस आला की इतके वाजतात की तू उशी कानावर घेतेस.

पोस्टाची नोकरी चांगली झाली, माझी तक्रार नाही. पण एकदा तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं, हे अजून रात्री आठवतं.

कॉट बेसिसचं भाडं, अभ्यासिकेची फी, मेस, टेस्ट सिरीज, झेरॉक्स, हे दादा पाठवतो त्यात बसत नाही, हे मला न सांगता समजतं. तू बाबाला "पुरतात" म्हणतेस हेही समजतं, कारण मीच तसं म्हणत आले. काउंटरवर तू किंमत विचारत असलीस तर, अगं, त्यात मोठं पाप नाही. पेन विकलं असशील तर मला सांग. कोणतं विकलं तेवढं सांग. मी दुकानात जाऊन कुणाला काही बोलणार नाही, परत आणायला लावणार नाही, दादाला कळवणार नाही. मला वाईट वाटेल, ते मी माझं बघून घेईन. अण्णांनी स्वतः त्यांचं एक पेन विद्यार्थ्याला देऊन टाकलं होतं, फॉर्म भरायला त्याच्याकडे पेन नव्हतं म्हणून. ते घरात फारसं कुणाला माहीत नाही.

वर डिकीवरून बोलले ते जरा जास्तच झालं. राहू दे. पेनं वापरण्यासाठीच दिलीत.

येत्या महिन्यापासून माझ्या पेन्शनमधले थोडे पैसे एक तारखेला तुझ्या खात्यावर येतील. बँकेतल्या मुलाकडून ते लावून घेतलंय, आता मलाही ते बंद करता येत नाही, त्यामुळे नको म्हणू नकोस. त्यातून रात्रीचं जेवायचं. वडापाव म्हणजे जेवण नव्हे. चाचणीत मार्क कमी पडले म्हणून वहिनी काळजीत आहे, मला नाही. दुपारी अर्धा तास झोपत जा, तुझे डोळे गणपतीतच लाल दिसत होते.

दिवाळीला लवकर ये. पेनं आणलीस तरी चालेल, नाही आणलीस तरी चालेल.

तुझी,
आत्या

ता. क. शेजारच्या वहिनी बुधवारच्या एसटीने स्वारगेटला येताहेत. त्यांच्याबरोबर मेतकूट, दाण्याची चटणी आणि माझ्या चष्म्याचं जुनं घर पाठवतेय. बिजागरी थोडी सैल आहे, थेंबभर तेल घाल. मेतकूट मैत्रिणींनाही दे, पण चटणी लपवून ठेव.