डोंबिवलीची संख्या
(एस. वाय. बी. ए.)

लोकलने डोंबिवली स्टेशन आपण रोज ओलांडतो. पण या स्टेशनाचे नाव गणितातील एका संख्याकुळाला मिळाले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? त्या कुळाचे नाव ‘डेम्लो संख्या’. डेम्लो म्हणजेच डोंबिवली.

हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात झाले आणि पुढे ते देवळालीला शाळाशिक्षक होते. या संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचली. १९३८ साली त्यांनी त्यांवर लेख प्रसिद्ध केला.

डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली की जो अंक येतो, तोच मधल्या भागात असतो. उदाहरणार्थ २५५३. दोन आणि तीन पाच. मध्ये पाचच पाच!

आता या कुळातील एक थोर संख्या पाहू:

१२३४५६७८९८७६५४३२१

ही सतरा अंकी संख्या आपल्या जुन्या गणनेत ‘परार्ध’च्या एकच पायरी खाली, ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोहोचते. तिचा डावा भाग १२३४५६७८, उजवा ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये नऊच! सर्व अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. ही संख्या स्वतःही एक वर्गच आहे:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

हा चमत्कार नव्हे. गुणाकार कागदावर मांडा. एकांच्या ओळी पायरीपायरीने सरकत जातात. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे एक जमतात, मधल्या रकान्यात नऊ होतात आणि पुढे उतरतात. कोणत्याच रकान्यात दहा होत नाहीत, म्हणून हातचा येत नाही. सारे रहस्य एवढेच.

दहा एक घेतले तर? मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा झाला, मनोरा ढासळला!

येथेच मला या संख्येचे मोल वाटते. नऊ उदाहरणे एकमुखाने साक्ष देतात आणि दहावे फिरते. नुसती उदाहरणे मोजणारा फसला असता. कारण जाणणाऱ्याला मात्र मनोरा कोठे ढासळणार हे आधीच कळले असते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. हातचा धरायला मला दुसरीत शिकवले, तो का धरायचा हे या संख्येने शिकवले. इतिहास-अर्थशास्त्राच्या पेपरात चार दाखल्यांवरून ‘सर्वत्र असेच असते’ असे लिहिणाऱ्या आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही हा धडा लागू आहे.

वाचकांनी आता अकरा एकांचा वर्ग करून पाहावा. मात्र हातचा कोठे पडेल ते आधी सांगावे, गुणाकार मग करावा.