मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये

इंदुरात नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करताना एक प्रश्न मला आजही वारंवार ऐकावा लागतो : “डॉक्टरसाहेब, मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबू या का?” प्रत्येक वेळी मला माझी आत्या आठवते. तीही अशीच थांबली होती. एका रात्री तिचा डोळा लालबुंद झाला, असह्य ठणका लागला, उलट्या सुरू झाल्या. अतिपक्व मोतीबिंदूतील प्रथिने पाझरून डोळ्यातील द्रवाचा निचरा अडला होता आणि दाब वाढला होता. शस्त्रक्रियेने वेदना थांबल्या. परंतु दाबामुळे दुखावलेल्या नेत्रमज्जातंतूने त्या डोळ्याची पूर्ण दृष्टी परत दिली नाही.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढणारा पडदा नव्हे. बाहुलीमागचे आपले नैसर्गिक भिंग वयोमानाने, तसेच मधुमेह, मार किंवा स्टिरॉइडचा दीर्घ वापर यांमुळे गढूळ होते. औषधाच्या थेंबांनी ते पुन्हा स्वच्छ होत नाही.

‘पिकू द्या’ हा सल्ला एके काळी योग्यच होता. त्या वेळी मोठा छेद घेऊन भिंग काढीत, रुग्णाला अनेक दिवस निजवून ठेवीत आणि पुढे त्याला जाड काचांचा चष्मा लागे. दृष्टी जवळजवळ गेल्यावरच हे सोसणे परवडे. १९४९ मध्ये लंडन येथे हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची ‘फेको’ पद्धत आणली. आज सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून घडीचे भिंग आत बसविता येते. मात्र मोतीबिंदू जितका कठीण, तितकी तो फोडण्यास ऊर्जा अधिक लागते आणि पारपटलाला इजा होण्याचा संभवही वाढतो.

मग शस्त्रक्रिया केव्हा करावी? वाचन, वाहन चालविणे, जिना उतरणे, समोरचा चेहरा ओळखणे यांत अडचण येऊ लागली, की तो विचार करावा. अडचण नसेल तर घाईही नको. नियमित तपासणी मात्र हवी. मधुमेही रुग्णांनी दृष्टिपटलही तपासून घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दृष्टी एकाएकी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागल्यास तो नवा मोतीबिंदू नसतो. भिंगामागचे पातळ आवरण गढुळलेले असते आणि बहुधा लेसरने ते मोकळे करता येते.

घरातील वडीलधारी माणसे ‘वयच झाले’ म्हणून गप्प राहतात. आत्याही गप्पच राहिली होती. आपण त्यांना आपणहून विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.