मोटारीच्या इंजिनाचा आवाज कसा ऐकावा

मोटारीतून नाना प्रकारचे आवाज येतात. त्यांपैकी निकोप कोणते, दुखण्याचे कोणते आणि धोक्याचे कोणते, हे घरच्या माणसास थोडेफार ओळखता आले पाहिजे. त्याने स्वतः हातात पाना घ्यावा असा ह्याचा अर्थ नव्हे. मिस्त्रीकडे गेल्यावर आपण काय ऐकले आणि केव्हा ऐकले, एवढे नीट सांगता आले तरी पुष्कळ झाले. प्रस्तुत लेखक विज्ञानाचा शिक्षक आहे, मोटारीचा कारागीर नव्हे. परंतु दोन प्रसंगांमुळे त्याला हा विषय अभ्यासणे भाग पडले.

पहिला प्रसंग आमच्याच मोटारीचा. चार सिलिंडरांची, बाराशे सीसीची पेट्रोल सेडान, वय बारा वर्षे. गोव्याहून बेळगावास परत येताना चोर्ल्याच्या चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये खडखड सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा तो आवाज होता. दुसरा गिअर टाकला की थांबे. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गेलो. तेथील गृहस्थांनी बॉनेट न उघडताच सांगितले, "बेअरिंग गेलंय सर, इंजिन खोलावं लागेल." अंदाज ४५,००० रुपये. त्या वर्षी मुलीची कॉलेजची फी भरावयाची होती, आणि मोटार विकावी की काय असा विचार घरात चालू झाला.

वर्गात आपण मुलांना सांगतो की, निष्कर्ष काढण्यापूर्वी निरीक्षण करा. मग स्वतः का करू नये? एका रविवारी वही घेऊन बसलो आणि स्वतःलाच चार प्रश्न घातले. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? ओझे पडल्यावर येतो की उभ्या गाडीतही? आणि तो सर्व फेऱ्यांना येतो की ठरावीक फेऱ्यांनाच?

चढणीवर, वरच्या गिअरमध्ये, ओझ्याखाली खडखड येते आणि गिअर उतरविला की जाते, हे लक्षण पुस्तकांत 'पिंकिंग'चे दिले आहे. सिलिंडरातील मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेतो आणि दाबाचा तडाखा बसतो, त्याचा तो आवाज. कमी ऑक्टेनचे पेट्रोल, आत साठलेला काजळीचा थर किंवा इंजिन अति तापणे ही त्याची नेहमीची कारणे. मलाही प्रथम हेच वाटले. पण पिंकिंगला ओझे लागते. म्हणून अंगणात गाडी न्यूट्रलमध्ये उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि मुलीला आत बसवून ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावयास सांगितले. काटा २,००० फेऱ्यांवर येताच तोच आवाज आला. २,३०० वर गेला, आणि खाली उतरताना २,००० वर पुन्हा आला. ओझे नसतानाही येतो, म्हणजे पिंकिंग नव्हे. झिजलेल्या बेअरिंगचा ठोका असा एकाच आकड्यावर येऊन पुढे साफ नाहीसा होत नाही. तो खोल असतो, फेऱ्यांबरोबर घाई करतो, आणि ओझे पडताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना अधिकच जाणवतो.

मग एकाच आकड्यावर जागे होणारे काय असेल? ह्याचे उत्तर नववी-दहावीच्या पुस्तकातले आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेरीस दोन स्फोट होतात. २,००० फेऱ्यांना सेकंदास सुमारे ६७ स्फोट झाले. एखाद्या सैल पत्र्याची स्वाभाविक कंपनसंख्या तेवढीच असेल, तर तो पत्रा तेथेच थरथरणार, म्हणजे अनुनाद झाला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आमच्या गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींनी गाडी वर उचलली आणि एक्झॉस्टच्या नळीवरील उष्णतारोधक पत्र्यावर लाकडी दांडक्याने टकटक केले. तीच खडखड! बोल्टाचे भोक गंजून मोठे झाले होते. त्यांनी एक गोल क्लॅम्प आवळला. क्लॅम्पचे ६० रुपये, मजुरी त्यांनी घेतली नाही. मीच बळेबळे दिली.

आता इतर आवाजांविषयी. सकाळी गाडी सुरू करताच किंवा एसी लावताच चिरचिर असा कर्कश आवाज येतो तो बहुधा पट्ट्याचा. पावसाळ्यात हा फार. बेल्ट जुना झाला आहे किंवा सैल आहे एवढाच त्याचा अर्थ, पण दुर्लक्ष करू नये, कारण पुष्कळ गाड्यांत त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही चालतो. थंडपणी टकटक करून इंजिन तापल्यावर नाहीशी होणारी टकटक एक्झॉस्टच्या जोडातील गळतीची असू शकते. धातू तापून फुगला की फट मिटते. सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळीसारखा खुळखुळाट येत असेल, तर टायमिंग चेनचा ताण राखणाऱ्या भागाकडे तेल उशिरा पोहोचत आहे असे समजावे.

टॅपेटची टकटक ओळखण्याची एक खूण आहे. प्रत्येक व्हॉल्व्ह इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. म्हणून ही टकटक फेऱ्यांच्या निम्म्या गतीने, शिवणयंत्रासारखी चालते. अँबॅसडर आणि पद्मिनी चालविलेल्या वडीलधाऱ्यांना ती चांगली परिचित आहे. पातळ पट्टीचा गेज घालून टॅपेट बसविणे हा त्या काळी नित्याचाच भाग होता. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आजच्या इंजिनांत इंधन फवारणारे इंजेक्टरही बारीक टिकटिक करतात. ते दुखणे नव्हे.

आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर इंजिनाला दोष देऊ नये. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून पाहावे. फेऱ्या उतरल्या तरी घुंग घुंग चालूच राहिली, तर ती चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची. ही परीक्षा घाटात वा उतारावर कदापि करू नये, आणि चालत्या गाडीत किल्ली तर मुळीच बंद करू नये.

दुसरा प्रसंग सांगणे मला जड जाते. माझ्या मामूंनी निवृत्तीच्या पैशांतून मोटार घेतली होती. खानापूरहून परत येताना, घर दहा-बारा किलोमीटरांवर असताना, समोरच्या फलकावर तेलाच्या झारीचे लाल चिन्ह लुकलुकले. वेग कमी केला की लागे, ॲक्सिलरेटर दाबला की विझे. मी शेजारीच बसलो होतो. "मामूजान, थांबायचं का?" एवढेच मी एकदा विचारले. ते म्हणाले, "बेटा, घर आलंच आता." वडील माणूस, त्यांची गाडी, मी पुढे बोललो नाही. टिळकवाडीत शिरेपर्यंत खालून ठक् ठक् असा जड ठोका येऊ लागला, आणि दारात पोहोचून इंजिन बंद केले ते पुन्हा फिरलेच नाही.

तो लाल दिवा तेलाची पातळी दाखवीत नाही, तेलाचा दाब दाखवितो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग ह्यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी फट असते, आणि दाबाखालील तेलाचा पापुद्रा त्या दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवतो. दाब गेला की पापुद्रा गेला, आणि धातूवर धातू घासला. फेऱ्या वाढल्यावर दिवा विझतो तो पंप जोराने फिरतो म्हणून. दुखणे बरे झाले म्हणून नव्हे. मामूंच्या गाडीची डिपस्टिक कित्येक महिन्यांत कोणी पाहिली नव्हती. घर्षणाचा धडा मी प्रतिवर्षी शिकवितो. मामूंनी मला त्याबद्दल कधी एक शब्दही ऐकविला नाही. त्यानंतर ते बसने जात.

म्हणून लाल दिवा लागताच गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि टो करवून न्यावी. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा निराळा. तो स्थिर असेल तर सावकाश गाडी चालवून लौकर दाखवावी. लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर पेट घेत नाही आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळीत आहे असे समजावे. गाडी उभी असताना चार सिलिंडरांच्या इंजिनात ७५० फेऱ्यांना सेकंदास २५ स्फोट होतात; त्यांतील प्रत्येक चौथा चुकला की स्टिअरिंगवर सेकंदास सहा हिसके बसतात. कारण बहुधा प्लग किंवा त्यावरील कॉइल. स्टिअरिंगखालच्या जोडणीस लहानसे वाचकयंत्र लावले की मोबाइलवर संकेत उमटतो : पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून पाहावी. संकेतही तिच्याबरोबर सरकला, तर दोष कॉइलचाच. २०२४ सालापासूनच्या डिझायरसारख्या गाड्यांना तीनच सिलिंडर आहेत. त्या उभ्या असताना थोड्या अधिक थरथरतात, एवढ्यावरून घाबरू नये.

गाडी ओढत नाही, ही तक्रार तर घरोघर. आपल्या भागातील तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर भरते. तो प्रथम काढून उजेडासमोर धरावा. फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. चार-पाच किलोमीटर ब्रेक फारसा न लावता जाऊन आल्यावर एकच चाक इतरांपेक्षा तापलेले आढळले, तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसला आहे. हात जवळ नेऊन पाहावे, टेकवू नये. नुसते अ‍ॅव्हरेज किंचित कमी झाले असेल, तर इंधनाचाही विचार करावा : इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमीच मिळते.

बॉनेट उघडून ऐकताना ओढणी, सैल बाही, मोकळे केस आवरून घ्यावेत. तापलेल्या इंजिनाचा विजेचा पंखा किल्ली बंद असतानाही काही गाड्यांत अकस्मात फिरू लागतो.

गॅरेजात जाताना तोंडी सांगण्यापेक्षा चिठ्ठी न्यावी. आमची अशी होती : "खडखड. फक्त २,००० फेऱ्यांना. न्यूट्रलमध्येही येते. थंड व गरम दोन्ही वेळी. दिवा नाही. तेल दोन खुणांच्या मध्ये. आठ दिवसांपासून." मिस्त्रींनी ती वाचली, चष्मा कपाळावर चढविला, आणि गाडी सुरू करावयास न सांगता थेट रॅम्पवर घ्यावयास सांगितली.