तबल्याला सूर कुठून येतो?

प्रश्न : तबला काळी एकला लावतात, मग ताशा कुठल्याच पट्टीत का लागत नाही?

उत्तर : तंबोऱ्यात तार कंप पावते, बासरीत हवेचा स्तंभ, तर पेटीत पितळी स्वरपट्टी. तारेच्या मूळ कंपनासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनेही उमटतात. हे उपस्वर मूळ स्वराशी जुळतात, म्हणून कानाला एकच भरदार स्वर ऐकू येतो.

कातड्याचे तसे नाही. एकसारख्या जाडीच्या ताणलेल्या पडद्याचे मूळ कंपन १०० धरले, तर पुढची साधारण १५९, २१४, २३० अशी येतात. ती जुळत नाहीत. ताशाचा कडकडाट त्यातूनच येतो, आणि मिरवणुकीत तोच हवा असतो.

तबल्याची करामत शाईत आहे. लोहचूर्ण आणि खळ यांचे मिश्रण पुडीवर, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या कातड्यावर, थरावर थर देऊन घोटतात. मधे जाड, कडेला पातळ. या वजनामुळे कंपने बदलतात आणि उपस्वर जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ओळीत येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात याविषयी लिहिले. ज्या कारागिरांनी केवळ कानाच्या जोरावर हे साधले, त्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत, याची खंत वाटते.

पट्टी ठरते ती ताणावर. म्हणूनच वादक पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडी मारतो : वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो.

डाव्या हाताच्या डग्ग्याची शाई मात्र मध्यावर नसते, ती एका बाजूला असते. मनगटाने कातडे दाबले की ताण वाढतो, आणि घुमारा मींड घेत वर सरकतो.